एमएच बारा एचएक्स

मंडईच्या पाठीमागे, जिथं कांद्याच्या गोण्यांचा वास
आणि जळक्या क्लचचा वास एकमेकांत मिसळतो,
तिथल्या वाहनतळावर माझी आय पावत्या फाडायची.
सोजर नामदेव भालेकर, दुसरी शिफ्ट.
शाळा सुटली की मी तिच्या शेजारी
उलट्या घातलेल्या क्रेटवर.

तिला एबीसीडी पाट्यांनी शिकवली.
एमएच बारा तर सगळ्यांचंच,
ते लिहिताना ती खाली बघायचीसुद्धा नाही.
पुढची दोन अक्षरं मात्र तोंडाने म्हणत,
कार्बनवर जोर देऊन काढायची,
रांगोळीचा ठिपका चुकू नये तशी.
अक्षरं होती तिच्याकडे पोत्याने.
शब्द नव्हते.
शब्द मी आणायचे, पाचवीच्या पुस्तकातून.

"बीएल."
बल्ब.
"डीटी."
डाऊट.
नियम तिचाच: पुढचं अक्षर पुढे, मागचं मागे,
मधे कितीही घुसू देत,
पण रांग मोडायची न्हाई.
जिंकले तर पेरूची फोड, तिखटमीठ लावून.
हरले तरी फोडच, बिनमिठाची.

"केएन."
नाइफ.
"के कुठाय त्यात? मला तर ऐकू आला न्हाई."
आहे की आय, पहिलाच उभा आहे. बोलत नाही.
पावती फाडता फाडता ती म्हणाली,
"ठेकेदार आला की आपला शिर्के उभा ऱ्हातो, तसा."

एक पांढरी गाडी यायची, ४१४१,
आकडे वळवून 'दादा' केलेले.
तिची पावती कधी फाटली नाही.

एकदा तिनेच शोधून काढलं,
मी नाही, आमच्या बाईंनीही नाही:
इतक्या वर्षांत एकाही पाटीवर
आय आली नव्हती. ओ पण नाही.
मी शाळेत विचारून आले.
आय एकासारखा दिसतो, ओ शून्यासारखा,
घोळ होतो, म्हणून आरटीओ देतच नाही.
ती हसली, तोंडातली शिट्टी पडेपर्यंत.
"आयच न्हाई म्हटल्यावर
हाकंला ओ तरी कुणी द्यावी?"

"एचएक्स."
दिवाळीच्या खरेदीची संध्याकाळ, मागे हॉर्नवर हॉर्न,
आणि मला काही म्हणता काही सुचेना.
मी म्हणाले, हॅक्सी.
"मंजी?"
टॅक्सीची थोरली बहीण.
तिने मान डोलावली. फोड दिली.
त्या दिवशी मीठ जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवसापासून मोठी गाडी वळली की
"वैजे, सरक, हॅक्सी आली."
मग शिर्केही म्हणू लागला.
मग रात्रपाळीची माणसं.
एक ड्रायव्हर पण, स्वतःच्याच गाडीला.

एफवायला, कॉलेजच्या लायब्ररीत,
दुसरंच काही शोधताना सापडला तो:
होक्स.
एच आधी, एक्स शेवटी,
मधे एक ए, आणि पाट्यांवर नसणारा तो ओ.
अर्थ: थाप. लोकांना खरी वाटेल अशी.
मी डिक्शनरी मिटली.
घरी काही बोलले नाही. अजूनही नाही.

आता तिथं खांबावर कॅमेरा आहे.
पाटी तोच वाचतो, तोंडाने न म्हणता.
आयचे गुडघे गेलेत.
मागच्या महिन्यात मी स्कूटर घेतली, सेकंडहँड, टीके.
दांडेकर पुलापाशी, आमच्या गल्लीत आणून लावली
तर ती ओवाळायचं ताट पायरीवर ठेवून
पाटीसमोरच बसली. पदराने धूळ पुसली.
माझ्या मनात यादी सुरू: थिंक, टास्क, टर्की...
"थांब. आज मी."

दूध उतू जाईल इतका वेळ गेला.
निरांजन विझलं. गल्लीतली पोरं जमली.
"टोकन," ती म्हणाली.

मी बोटांवर मोजून तपासलं,
तिने माझं कधीच तपासलं नव्हतं.
टी. मग के.
रांग मोडली नव्हती.

पेरूचे दिवस नव्हते.
मी काकडी कापली, तिखटमीठ लावून.